जर्सी धुणावळ : शून्य

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : कोणती वस्तू कोणाची. घर बांधतो कर्जदार, वास्तुशांत करतो कर्जदार, जेवायला बोलावतो तोही कर्जदारच. पण जिलबी खाताना आमचे लक्ष भिंतींकडे असते. भिंती आमच्याकडे गहाण. मोटारीच्या कागदांवर आमची नोंद, दागिन्यांच्या पाकिटावर आमचे सील. मालकी म्हणजे कागद आणि कागद म्हणजे आम्ही, असा सरळ हिशेब. बी.कॉम.ची तीन वर्षे (ऑक्टोबरची परीक्षा धरून साडेतीन) आणि नोकरीची वीस, एवढ्या काळात या हिशेबाविषयी मला कधी शंका आली नाही. ती आली कोल्हापूरला बदली झाल्यावर. आणि आली ती फुटबॉलमुळे.

फुटबॉलशी माझा पूर्वसंबंध म्हणाल, तर शाळेत असताना मी एकदा गोल मारला होता. सगळा संघ माझ्या अंगावर धावून आला. कौतुक करायला येताहेत असे वाटून मी हात पसरले, तेव्हा कळले की गोल आपल्याच बाजूचा होता. त्या दिवसापासून मी आणि फुटबॉल एकमेकांच्या वाटेला गेलो नाही.

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा, अशी माझी ठाणेकरी समजूत. इथे येऊन पाहतो तो कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉलचे संघ! पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही नावे ऐकून मला वाटले पहिलवान असतील. ते फॉरवर्ड निघाले. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली, की त्या दिवशी बँकेत शुकशुकाट. मी आलो तो नेमका २०२२ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर. गल्लीच्या या टोकाला मेस्सी, त्या टोकाला नेमार, दोघेही दुमजली उंचीचे, आणि मधे आमचे एटीएम. पैसे काढायला येणारा माणूस कोणत्या बाजूने आला, यावरून त्याचा देश कळायचा.

आमच्या शाखेतही तीन देश नांदत होते. कॅशमधला पोरगेला कारकून मँचेस्टर युनायटेडचा. रात्री एक वाजता त्याची टीम हरायची आणि सकाळी साडेदहाला तो पाचशेच्या नोटा शंभराच्या कप्प्यात ठेवायचा. त्याला सगळे 'मँचेस्टर' म्हणत; त्याचे खरे नाव फक्त मस्टरला ठाऊक. मॅनेजरसाहेब कलकत्त्याचे, मोहन बागानचे. १९११ साली त्यांच्या बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोजिरांना हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, हे ते कर्जाच्या अर्जावर शेरा मारतानाही सांगत. आणि तिसरा आमचा शिपाई आण्णा. हा आपल्या पेठेतल्या मंडळाचा. मंडळाचे नाव मी सांगत नाही, कारण मला कोल्हापुरात अजून तीन वर्षे काढायची आहेत.

एके दिवशी आण्णा माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "सायेब, जर्सीचा प्रश्न हाय."

मी दुभत्या जनावरांच्या कर्जाचा फॉर्म काढला. "किती लिटर देते?"

आण्णाने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "गाय न्हवं सायेब. अंगात घालायची जर्सी. टीमची."

प्रकरण असे होते. पेठेतलाच एक मुलगा मोठा व्यावसायिक झाला होता. सगळे त्याला शेठ म्हणत. त्याने मंडळाच्या संघाला हंगामाचे पाच लाख रुपये देऊ केले होते. अटी तीन. मंडळाच्या नावाआधी त्याच्या कंपनीचे नाव लावायचे, संघाची जांभळी जर्सी बदलून कंपनीच्या रंगाची म्हणजे नारिंगी करायची, आणि बाहेरचे तीन चांगले खेळाडू आणायचे. बाहेरचे खेळाडू ही कोल्हापूरला नवी गोष्ट नाही; आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथे शाहू स्टेडियमवर खेळून गेले आहेत. पण जांभळ्याचे नारिंगी! पेठेत दोन तट पडले होते. सभा पुढल्या रविवारी. त्याआधी मंडळाच्या हिशेबाच्या वह्या कोणी जाणकाराने पाहून द्याव्यात, असे ठरले होते. "तुमी बी.कॉम. हाय म्हून सांगितलं म्या," आण्णा म्हणाला. माझ्या पदवीचा कोणी असा मान राखण्याची ही पहिलीच वेळ. मी हो म्हटले.

तो आठवडाभर अकराच्या चहाला दुसरा विषय नव्हता. पहिली तोफ मँचेस्टरने डागली.

"साहेब, पैसेवाल्याला आत घेऊ नका. आमचं बघा. २००५ मध्ये फ्लोरिडाच्या ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला, जवळजवळ ७९ कोटी पौंडांना. त्यातला मोठा भाग कर्जाचा."

माझ्यातला बँकवाला जागा झाला. "तारण काय दिलं?"

"क्लबच."

"आणि व्याज कोणी भरलं?"

"क्लबनंच. तोवर क्लबवर म्हणावं असं कर्ज नव्हतं."

आण्णा कपबशा गोळा करीत होता, तो थांबला. "म्हंजे म्हशीचाच अंगठा घेऊन म्हैस इकत घेतली म्हना की!"

जगातल्या मोठमोठ्या वित्तसंस्थांनी जो व्यवहार जाड जाड कागदपत्रांत बसवला, तो आण्णाने एका म्हशीत बसवला. आम्हीही म्हशीला कर्ज देतो आणि तारण म्हणून म्हैसच घेतो; पण कर्जदार शेतकरी असतो. इथे कर्जदार खुद्द म्हैस. दूध आटले तरी हप्ता चुकत नाही, आणि मालक गोठ्यात उभा राहून वैरणीचा खर्च कमी कसा करता येईल ते पाहतो. २०२४ मध्ये या मालकांच्या जोडीला एक नवा भागीदार आला. त्याच वर्षी अडीचशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या आणि उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड झाला. पोराबाळांना नि म्हाताऱ्यांनाही तेव्हा सवलत नव्हती.

"मग तू हा क्लब सोडत का नाहीस?" मी सरळ विचारले. "आमच्या बँकेची सेवा आवडली नाही, तर लोक खातं समोरच्या बँकेत नेतात. तू समोरचा क्लब धर."

समोरचा क्लब म्हणजे मँचेस्टर सिटी, हे मला ठाऊक नव्हते. मँचेस्टरचा चेहरा असा झाला, की मी त्याला आई बदलायला सांगितली असावी. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्या अबोल्यात मला एक गोष्ट उमगली. ती बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हती. गिऱ्हाईक नाराज झाले तर दुकान बदलते; म्हणून दुकानदार त्याला वचकून असतो. चाहता दुकान बदलू शकत नाही, आणि हे दुकानदाराला पुरते ठाऊक असते. माल वाईट झाला, भाव चढला, तरी हा माणूस पुढल्या शनिवारी रांगेत उभा. असले गिऱ्हाईक जगात आणखी कोणाला मिळते? त्याच्या निष्ठेवर पैसे कमवायचे, आणि त्याने काही विचारले तर म्हणायचे, "तू कोण? तुझ्याकडे शेअर किती?"

दुसऱ्या दिवशी मँचेस्टर बोलता झाला तो विम्बल्डनची गोष्ट घेऊन. टेनिसवाले विम्बल्डन ते हेच. पण तिथे फुटबॉलचाही क्लब होता, आणि १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला हरवून एफ.ए. कप जिंकला होता. २००२ मध्ये मालकांना क्लब हलवायची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी तो सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या गावी गेला. ऐकून मी शहारलो. बँकेत कारकुनाची बदली होते; इथे आख्ख्या क्लबाचीच बदली, आणि चाहत्यांना प्रवासभत्तासुद्धा नाही! चाहते तक्रार करून थांबले नाहीत. त्यांनी २००२ मध्येच आपला वेगळा क्लब काढला. तिथल्या मैदानावर मुलांची चाचणी घेतली, खालच्या पायरीवरून सुरुवात केली, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेनवर नवे स्टेडियम बांधून परत आले. त्यासाठी समर्थकांनी स्वतः रोखे घेऊन लक्षावधी पौंड उभे केले. कागद मिल्टन कीन्सला गेले होते. क्लब जागेवरच राहिला होता.

"पन सायेब," आण्णा खालच्या आवाजात म्हणाला, "जिकल्यावर मानूस सगळं इसरतं."

हेही खोटे नव्हते. मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबू धाबीच्या पैशाने बदलली, न्यूकॅसल २०२१ मध्ये सौदी पैशाने; तिथल्या बहुतेक चाहत्यांनी रडारड केली नाही, नाचले. तत्त्वाची आठवण माणसाला हरल्यावर जास्त येते. आम्ही बँकवाले काय वेगळे? पगारवाढ झाली की संपाच्या वेळच्या घोषणा आम्हालाही आठवत नाहीत.

आता मॅनेजरसाहेबांना राहवेना. ते केबिनमधून बाहेर आले. "नाही बाबू, सगळे विसरत नाहीत. आमचं ऐका. १९९८ मध्ये आमच्या क्लबच्या नावापुढं दारू कंपनीचं नाव लागलं. सोसलं. २०२० मध्ये क्लब एटीके या दुसऱ्या संघात मिसळला. ८० टक्के त्यांचे, नाव एटीके मोहन बागान. तीन अक्षरं! लोकांनी मैदानावर, रस्त्यावर, जिथं मिळेल तिथं 'रिमूव्ह एटीके' लिहिलं. १८ मार्च २०२३. गोव्यात आय.एस.एल.ची फायनल. आम्ही पेनल्टीवर बंगळूरला हरवलं. चॅम्पियन! आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं, एटीके काढतो." त्यांचे डोळे ओले झाले. "लोक ट्रॉफीसाठी कमी रडले. तीन अक्षरं गेली म्हणून जास्त रडले."

मग त्या जागी 'सुपर जायंट' हे मालकांचे दुसरे नाव शेवटी लागलेच. पण ते मी त्यांना त्या क्षणी विचारले नाही. माझी रजा त्यांच्याच टेबलावर होती.

शनिवारी मी वह्या घेऊन बसलो. लाल कापडी बांधणीच्या, अडतीस वर्षांच्या. जमेला वर्गणी : कोणाचे पाच, कोणाचे अकरा, एका भाजीवालीचे दर साल एकवीस. खर्चाला बॉल, मोसंबी, टेंपोभाडे, मैदानाची फी. आणि दरवर्षी न चुकता एक ओळ : जर्सी धुणावळ, शून्य.

आम्हाला शून्याची ओळ दिसली की चूक दिसते. खर्च नाही तर नोंद कशाला? मी म्हाताऱ्या खजिनदारांना गाठले. ते म्हणाले, "आण्णाची आई धूत होती, आता त्याची बायको धुते. पैसे घेत न्हाई. लिवलं न्हाई तर कुनी क्येलंच न्हाई आसं व्हईल. आकडा घातला तर ती भांडंल. मग काय लिवायचं?"

मी वही मिटली. हिशेबशास्त्रात 'गुडविल' नावाचा एक प्रकार असतो. दुकान विकत घेताना फळ्या, तराजू, माल यांच्या किमतीपेक्षा जे जास्त मोजावे लागते, ते त्या दुकानाच्या नावाचे. पण नियम असा आहे, की विकत घेतलेले गुडविलच वहीत मालमत्ता म्हणून दाखवता येते. स्वतः कमावलेले दाखवता येत नाही. म्हणजे शंभर वर्षे लोकांनी जीव टाकला, भर पावसात उभे राहिले, पोरांची नावे खेळाडूंच्या नावावरून ठेवली, तोवर त्याची किंमत वहीत शून्य. ज्या दिवशी कोणी क्लब विकत घेतो, त्या दिवशी त्या शून्याचे कोटी होतात आणि घेणाऱ्याच्या वहीत जाऊन बसतात. परीक्षेत या नियमावर मी पाच गुण मिळवले होते. त्यात काही अन्याय असेल, असे तेव्हा सुचले नाही. प्रश्नही तसा नव्हता.

मला जोर चढला. मी कागद घेतला. वीस जर्सी-चड्ड्या, एका जोडीला आजच्या भावाने वीस रुपये, हंगामात चाळीस धुण्या : वर्षाला सोळा हजार. अडतीस वर्षांचे झाले ६ लाख ८ हजार. शेठ देत होता पाच लाख! सर्वात मोठी भागधारक धुण्याच्या दगडावर बसलेली होती आणि कोणाला पत्ताच नव्हता. हा आकडा सभेत टाकला, की शेठ गप्प, असे मनाशी ठरवून मी झोपलो.

रविवारी तालमीत सभा भरली. हनुमानाच्या तसबिरीखाली शेठ बसला होता. मी मनात त्याचा खलनायक करून ठेवला होता. निघाला साधा माणूस. तो उठून म्हणाला, "ह्या टीमचे मी लहानपणी बॉल आणून दिलेत. तुमचं प्रेम मला मान्य हाय. पण गेल्या साली आण्णाच्या पुतण्याचा गुडघा गेला. ऑपरेशनला पैसे कोणाकडं होते? पोरगं आज लंगडतंय. प्रेमानं गुडघा जोडता येतो का, सांगा."

सभा गप्प झाली. मीही गप्प झालो, कारण ती नोंदही मी कालच वाचली होती : दवाखाना, रुपये १५००, बाकी उधार. ज्या वहीत धुणावळीचे शून्य होते, त्याच वहीत हेही होते. जीव लावणाऱ्यांचा हक्क मोठा खरा, पण त्या हक्काला गुडघ्याचे बिल भरता आले नव्हते. आण्णा खाली मान घालून बसला होता. चार दिवस तो कोणत्या तटात होता, हे त्याने का सांगितले नाही, ते मला आत्ता कळले.

तरी मी उठलो. विम्बल्डन सांगितले, मोहन बागान सांगितले. वेल्समधल्या कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये निळा रंग काढून लाल केला, लाल रंगात संघ प्रीमियर लीगमध्येही चढला, तरी २०१५ मध्ये त्याला निळ्यावर परतावे लागले, हे सांगितले. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक तरी मत जास्त असावे असा साधारण नियम आहे, आणि इंग्लंडने २०२५ मध्ये कायदाच करून फुटबॉलवर नियामक नेमला, बोधचिन्ह आणि रंग यांबाबत चाहत्यांना विचारणे आणले, तेही सांगितले. आणि शेवटी हुकमाचा पत्ता म्हणून ६ लाख ८ हजारांचा कागद वाचला.

टाळी पडेल म्हणून मी थांबलो. दारात बसलेल्या आण्णाच्या बायकोने, सगळे तिला काकी म्हणतात, पदर खोचला.

"माझं बिल केलं व्हय ओ तुमी?"

"बिल नाही काकी, तुमचा हक्क—"

"हक्क कसला? म्या धुनं धुतलं त्ये काय उधारीवर? सासूनं धुतलं, म्या धुतलं. आता ह्यो कागद बगून पोरं म्हंतील, म्हातारीचं द्येनं लागतोय आपन. आधी खोडा त्ये."

भर सभेत मी ६ लाख ८ हजार खोडले आणि तिथे शून्य लिहिले. वीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी रक्कम मी दुसऱ्या कोणत्याही सहीशिवाय माफ केलेली नाही. शेठला हरवायला मी तिच्या मायेचा भाव काढला होता, आणि तसा तो काढला की मी आणि तो फ्लोरिडावाला एकाच बाकावर, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तिचे धुणे शेअर नव्हते. शेअर असते तर विकता आले असते.

मग काकी शेठकडे वळली. "आनि तू रं. गावात द्येवळाला फरशी घाटली, की पायरीवर नाव कोरत्यात. म्हून काय द्येव बदलाया द्येत्यात व्हय? नाव पायरीवर घाल. आनि नारिंगी रंग कच्चा असतोय, बाकीच्या कापडास्नी लागतोय. म्या न्हाई धुनार."

शेठ आधी गोरामोरा झाला, मग हसला. मँचेस्टर, कार्डिफ, जर्मनी एकीकडे आणि काकीची पायरी एकीकडे. अर्ध्या तासात ठराव झाला : रंग जांभळा, नाव मंडळाचे, शेठच्या कंपनीचे नाव जर्सीच्या पाठीवर. बाहेरचे खेळाडू दोन. आणि पाच लाखांतले पहिले एक लाख पुतण्याच्या गुडघ्याला. ही अट शेठनेच घातली, हे मुद्दाम नोंदवतो.

त्या हंगामात आमचा संघ दुसऱ्याच फेरीत बाद झाला. होय, आमचा, मीही आता वर्षाला एकावन्न रुपये वर्गणी देतो. हरल्यावर स्टेडियमबाहेर निम्मी पेठ ओरडत होती, की शेठचे सगळे ऐकले असते तर जिंकलो असतो. सर्वांत मोठ्याने आण्णा ओरडत होता.

मार्चअखेर मंडळाच्या वह्या आता माझ्याकडे येतात. यंदा खर्चाच्या बाजूला एकेक ओळ लिहीत गेलो. बॉल, मोसंबी, टेंपो, दवाखाना. शेवटच्या ओळीशी हात थांबला. सौभाग्यवतींनी मागून डोकावून विचारले, "खर्च नाही तर लिहिता कशाला?"

"लिहिलं नाही तर कोणी केलंच नाही असं होईल," मी म्हटले आणि शून्य काढले. जरा मोठेच निघाले.